एक दोरा, एक नट, वीस झोके: शाळेतलं विज्ञान हाताने करून शिकायचं असेल तर

विज्ञानाच्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाखाली तेच मथळे असतात: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. बहुतेक वर्गांत ते खालून वर भरले जातात. निष्कर्ष पुस्तकात छापलेला असतोच, तो आधी उतरवायचा आणि मग त्याला शोभेलसं निरीक्षण लिहून टाकायचं. प्रयोग झाला तर झाला. 'वैज्ञानिक पद्धतीचे टप्पे लिहा' हा प्रश्न परीक्षेत आला की टप्पे धडाधड आठवतात आणि पैकीच्या पैकी गुणही मिळतात. पण आपल्याच वहीतला आकडा बघून 'हे असं कसं आलं?' असा प्रश्न वर्षभरात एकदाही पडलेला नसतो.

सातवी ते नववीत असाल आणि ही पद्धत खरोखर अंगवळणी पाडायची असेल, तर माझा सल्ला असा: दहा प्रयोग उरकू नका. एकच घ्या आणि तो इतक्या बारकाईने करा की कुठेतरी आकडा बिनसेल. बिनसला की तिथून पुढे शिकणं सुरू होतं.

हा एक प्रयोग म्हणजे दोलक. दोऱ्याला काहीतरी जड बांधून झुलवायचं, बस्स. दोलन, दोलनकाल, आयाम हे शब्द शाळेत भेटतातच. खर्च वडापावापेक्षा जास्त नाही, आग-अॅसिडची भानगड नाही, आणि मुख्य म्हणजे याची उत्तरं बहुतेकांच्या अंदाजाच्या विरुद्ध येतात.

आधी जमवाजमव

हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे तीन-चार लोखंडी नट आणा. दोरा शिवणाचा, जरा जाड आणि न ताणणारा हवा. लोकर किंवा इलॅस्टिक घेतलंत तर लांबी झुलता झुलता बदलेल. मोजायला सुताराकडची असते तशी स्टीलची टेप घ्या. शिंप्याची कापडी टेप जुनी झाली की सैलावते. वेळ मोजायला मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं.

दोरा टांगायचा कुठे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. खिळ्याला गाठ मारली तर झुलताना गाठ खिळ्यावर सरकते, दोरा थोडा गुंडाळला जातो आणि दोलकाची लांबी नेमकी कुठून मोजायची ते कळेनासं होतं. त्यापेक्षा आइस्क्रीमच्या दोन काड्यांमध्ये दोरा धरा, त्यावर कपडे वाळत घालायचा चिमटा लावा आणि हे सगळं खिडकीच्या वरच्या गजाला किंवा कपाटाच्या माथ्यावर पक्कं बांधा. काड्यांची खालची कड म्हणजे तुमचा टांगणबिंदू. लांबी बदलायची असेल तेव्हा चिमटा सैल करून दोरा ओढायचा, कापाकापी नाही. एक मीटर दोरा मोकळा झुलेल एवढी जागा खाली आणि बाजूला ठेवा.

पंखा बंद करा. हे सांगावं लागतं.

प्रश्न लहान करा

'दोलक का झुलतो?' हा चांगला प्रश्न आहे, पण तो दुपारभरात सुटणारा नाही. आपण विचारू: एका झोक्याला लागणारा वेळ कशाने बदलतो? एक झोका म्हणजे एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा पहिल्या टोकाला येणं. नुसतं जाणं म्हणजे अर्धा झोका. या वेळाला दोलनकाल म्हणतात.

बदलता येण्यासारख्या गोष्टी तीन दिसतात: नट किती बांधले, किती बाजूला ओढून सोडला आणि दोरा किती लांब. पुस्तकात यांना 'चल' म्हटलेलं असतं. एका वेळी एकच चल बदलायचा, बाकीचे दोन जागच्या जागी ठेवायचे. वाक्य सोपं आहे आणि प्रत्येकाला पाठ आहे. ते पाळताना कशी फजिती होते ते पुढे येईल.

मोजायला सुरुवात करण्याआधी वहीत पेनाने तुमचा अंदाज लिहा, तारखेसकट आणि कारणासकट. 'दोन नट बांधले तर झोका लवकर पुरा होईल, कारण जड वस्तू जोरात खाली येते', असं. हीच तुमची परिकल्पना. पेनाने अशासाठी की नंतर तो 'सुधारायचा' मोह होतो. मोजून झाल्यावर सगळ्यांनाच वाटतं की आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं. वहीला तसं वाटत नाही.

मोजणी: इथे घाई करू नका

काड्यांच्या खालच्या कडेपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १०० सेंमी येईल असा दोरा बांधा. मध्यापर्यंत, गाठीपर्यंत नव्हे. दोरा सरळ ठेवून नट सुमारे १७ सेंमी बाजूला न्या (मीटरभर दोऱ्याला हा साधारण १० अंशांचा कोन होतो) आणि हात काढून घ्या. ढकलू नका. एक-दोन झोके जाऊ द्या.

आता एका झोक्याचा वेळ मोजून बघा. कधी १.८ सेकंद येईल, कधी २.२. दोलक तोच आहे, बदलतंय ते तुमचं बोट. डोळ्याने पाहिलं आणि अंगठ्याने बटण दाबलं, यात सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा वेळ सहज जातो. दोन सेकंदांच्या मापात ०.२ सेकंदाची चूक म्हणजे दहा टक्के. म्हणून वीस झोक्यांचा वेळ एकत्र मोजायचा आणि वीसने भागायचं. चूक तीच ०.२ सेकंदाची राहते, पण आता ती चाळीस सेकंदांत वाटली जाते, म्हणजे अर्ध्या टक्क्यावर येते. महागडं उपकरण न आणता अचूकता वीसपट वाढली. मला विचाराल तर शाळेच्या अख्ख्या प्रयोगशाळेत याच्याइतकी कामाची युक्ती दुसरी नाही. वहीच्या शंभर पानांची जाडी मोजून एका पानाची काढता येते ती याच युक्तीने.

स्टॉपवॉच नट टोकाला असताना सुरू करू नका. तिथे तो क्षणभर थबकल्यासारखा होतो, नेमका कधी वळला ते कळत नाही. मागच्या भिंतीवर दोऱ्याच्या सरळ रेषेत खडूने एक उभी रेघ मारा आणि नट डावीकडून उजवीकडे ती रेघ ओलांडेल तेव्हा बटण दाबा. तिथे तो सगळ्यात वेगात असतो, त्यामुळे क्षण नेमका पकडता येतो.

आणि मोजायला सुरुवात 'शून्य'पासून करा. बटण दाबताना तोंडाने 'शून्य' म्हणायचं, पुढच्या वेळी त्याच बाजूने रेघ ओलांडली की 'एक'. आपल्याला लहानपणापासून 'एक, दोन, तीन, सुरू' अशी सवय असते. त्यामुळे बटण दाबतानाच 'एक' तोंडातून निघतं आणि वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच होतात. वर्गात दहापैकी निम्म्या गटांत हेच चाललेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो.

तीन वेळा मोजा आणि तिन्ही आकडे लिहा. समजा ४०.१, ४०.४, ४०.२ आले. सरासरी ४०.२ होते, पण सरासरी काढून तिघांना विसरू नका. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यात ०.३ चं अंतर आहे, हे बाजूला लिहून ठेवा. थोड्याच वेळात तेच कामाला येणार आहे.

पहिली फेरी: नट वाढवा

एका नटाला ४०.२ सेकंद. आता दोन नट बांधून वीस झोके मोजा. समजा ४०.४ आले. वेळ वाढला की नाही?

बहुतेक जण लिहितात, 'वस्तुमान वाढवले असता दोलनकाल वाढतो.' थांबा. मघाशी काहीही न बदलता तीन आकड्यांत ०.३ सेकंदाचा फरक पडला होता. मग आता आलेला ०.२ चा फरक दुसऱ्या नटाने पाडला की तुमच्या अंगठ्याने, हे तुम्ही कसं ठरवणार? ठरवता येत नाही. म्हणून प्रामाणिक वाक्य असं होतं: 'एक आणि दोन नटांच्या दोलनकालात आमच्या मोजमापाला जाणवेल असा फरक आढळला नाही.' वाक्य लांबलचक आहे, परीक्षेत कदाचित कुणी मागणार नाही, पण विज्ञान करणारी माणसं अशीच बोलतात.

शंका फिटत नसेल तर तीन नट, चार नट बांधून बघा. वस्तुमानाचा खरंच परिणाम असेल तर चौपट वस्तुमानाला तो ठळक दिसायला हवा.

इथेच ती फजिती. दुसरा नट पहिल्याच्या खाली बांधलात, तर वजनाबरोबर आणखी काहीतरी बदललं. दोन्ही नटांचा मिळून मध्य खाली सरकला, म्हणजे दोलक लांब झाला. मीटरभर दोऱ्यात एक सेंमीने फारसं बिघडत नाही, पण हाच प्रयोग २५ सेंमी दोऱ्याने केलात तर वीस झोक्यांत सुमारे ०.४ सेकंद वाढतील, आणि तुम्ही छातीठोकपणे सांगाल की जड दोलक हळू झुलतो. तिन्ही वेळा मोजा, तिन्ही वेळा तेच येईल. चूक अशी पुन्हापुन्हा तीच येत असली की सरासरीने ती जात नाही. उपाय: नट एकाखाली एक न बांधता शेजारी-शेजारी, एकाच उंचीवर बांधा.

दुसरी फेरी: जास्त ओढून सोडा

आता नट एकच, दोरा ५० सेंमी. एकदा १० अंशांनी (इथे साडेआठ-नऊ सेंमी) बाजूला घेऊन सोडा, एकदा २० अंशांनी (१७ सेंमी). वीस झोक्यांना दोन्ही वेळा सुमारे २८.४ सेकंद लागतील. फरक हातातल्या स्टॉपवॉचला सापडणार नाही. लांबचा पल्ला असूनही वेळ तोच, कारण जास्त उंचीवरून सोडलेला नट वेगही जास्त घेतो.

ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली याची कहाणी तुम्ही ऐकली असेल. पिसाच्या चर्चमध्ये टांगलेला दिवा झुलताना बघून तरुण गॅलिलिओने आपल्या नाडीच्या ठोक्यांवर त्याचा वेळ मोजला, असं त्याचा शिष्य व्हिव्हियानी याने लिहून ठेवलं आहे. कहाणी तंतोतंत खरी असो वा नसो, गॅलिलिओने दोलकाचे प्रयोग केले हे नक्की, आणि त्याच्याकडे सेकंद दाखवणारं घड्याळ नव्हतं हेही नक्की. उतरणीवरून घरंगळणाऱ्या गोळ्याचा वेळ तो भांड्यातून पडणारं पाणी तोलून मोजत असे. त्याबद्दल त्याने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात लिहिलं आहे.

आता गंमत बघा. गॅलिलिओचं म्हणणं होतं की झोका लहान असो की मोठा, वेळ सारखाच. हे तुम्हाला तपासता येतं. त्याच ५० सेंमीच्या दोलकाचा नट दोरा ताणलेला ठेवून इतका वर न्या की तो सगळ्यात खालच्या जागेपासून २५ सेंमी उंच येईल. लांबीच्या निम्मी उंची म्हणजे बरोबर ६० अंश, कोनमापक लागत नाही. झोका हळूहळू लहान होत जातो, म्हणून इथे दहाच मोजा. लहान कोनाला दहा झोक्यांचे सुमारे १४.२ सेकंद येतात. इथे त्याहून एखाद्या सेकंदाच्या आसपास जास्त येतील. हा फरक अंगठ्याच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा आहे. दोन-तीनदा करून खात्री करा.

म्हणजे गॅलिलिओ चुकला? लहान झोक्यांपुरता नाही, मोठ्या झोक्यांच्या बाबतीत होय. वर्तुळाच्या कमानीत झुलणारा दोलक काटेकोरपणे समान वेळ घेत नाही, हे डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हायगेन्सने गणिताने दाखवलं. हायगेन्स म्हणजे १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवणारा. आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक इवलासाच झोका का घेतो, याचं एक कारण हेच.

नाव मोठं आहे म्हणून आकडा झुकत नाही, हे आठवीतल्या मुलीला स्वतःच्या खिडकीच्या गजाखाली बघायला मिळतं. ही फेरी टाळू नका.

तिसरी फेरी: दोरा बदला

इथे मात्र परिणाम धडधडीत दिसतो. चार लांब्या घ्या, प्रत्येकीचे वीस झोके तीन-तीनदा मोजा. हिशेबाने साधारण असे आकडे यायला हवेत:

२५ सेंमी: २०.१ सेकंद
५० सेंमी: २८.४ सेकंद
७५ सेंमी: ३४.८ सेकंद
१०० सेंमी: ४०.२ सेकंद

हे आकडे मोजून झाल्याशिवाय वाचायचे नव्हते, पण आता वाचलेत तर निदान वहीत उतरवू नका. मास्तरांना ४०.२ आणि २०.१ अशी जुळी जोडी एकाच वहीत दिसली की लगेच कळतं. खऱ्या मोजणीचे आकडे थोडे विस्कटलेले असतात.

लांबी दुप्पट केली, २५ ची ५०. वेळ दुप्पट झाला? नाही. चौपट केली, २५ ची १००. आता वेळ दुप्पट झाला. आलेख कागदावर लांबी आडव्या अक्षावर आणि दोलनकाल उभ्या अक्षावर मांडा. बिंदू जोडले तर रेषा वाकलेली येईल. आता दोलनकालाचा वर्ग काढा (म्हणजे २.०१ ला २.०१ ने गुणा) आणि तो लांबीसमोर मांडा. बिंदू सरळ रेषेत येऊन बसतील. पट्टी लावून ती रेषा काढताना जे वाटतं ते लिहून सांगता येत नाही. बिंदू ठिपक्याला ठिपका जोडून वाकडेतिकडे जोडायचे नाहीत. सगळ्यांच्या मधून जाणारी एकच सरळ रेषा काढा, काही बिंदू वर राहतील, काही खाली.

ती रेषा डावीकडे वाढवा. शून्यातून गेली तर उत्तम. शून्याच्या थोडी डावीकडे आडव्या अक्षाला छेदत असेल, समजा दीड सेंमीवर, तर तुम्ही प्रत्येक वेळी दीड सेंमी लांबी कमी मोजली आहे. बहुतेक गाठीपर्यंत मोजून नटाचा मध्य सोडून दिलात. आलेखाने तुमची चोरी पकडली.

आकडा बिनसला तर

दोलकावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढता येतं. लांबी मीटरमध्ये घ्या, तिला ३९.५ ने गुणा आणि दोलनकालाच्या वर्गाने भागा. (३९.५ म्हणजे पाय (π) या संख्येच्या वर्गाची चौपट. सूत्र कुठून येतं ते पुढच्या इयत्तांत कळेल, सध्या उसनं घ्या.) महाराष्ट्रात उत्तर ९.८ च्या जवळपास यायला हवं.

तुमचं ९.७ किंवा ९.९ आलं तर छान झालं, पुढे चला. पण उत्तर फारच वेगळं आलं तर ते खोडण्याऐवजी वाचा, कारण चुकीचं उत्तरही काहीतरी सांगत असतं. १०.८ च्या आसपास आलं तर जवळजवळ नक्की तुम्ही 'एक'पासून मोजलंत: एकोणीस झोके मोजून वीसने भागलं की हाच आकडा पडतो. ३९-४० आलं तर जाणं एक आणि येणं एक असे वेगळे मोजलेत, म्हणजे अर्ध्या झोक्याला पूर्ण धरलंत. २५ सेंमीच्या दोऱ्याला ९.२ येत असेल तर पुन्हा तीच गाठ आणि तोच नटाचा मध्य.

एखादाच आकडा बाकीच्यांपासून फटकून असेल, समजा ४०.१, ४०.४ आणि मध्येच ४२.३, तर त्याच्यावर एक आडवी रेघ मारा, पण वाचता येईल अशी. व्हाइटनर लावू नका. शेजारी कारण लिहा: 'मोजताना बेल वाजली, एक झोका मोजायचा राहून गेला असावा.' कारण ठाऊक नसेल तर आकडा ठेवा आणि आणखी दोनदा मोजा. 'मला आवडला नाही' हे कारण होत नाही.

हे मी इतकं ताणून का सांगतोय, त्यालाही एक इतिहास आहे. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेन इथे गेला होता. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. ते ठीक चालावं म्हणून त्याला लंबक तीनएक मिलिमीटरने आखूड करावा लागला. पॅरिसला परतल्यावर काहींनी मोजण्यातच चूक झाली असणार अशी शंका काढली. शंका रास्तच होती, उष्ण हवेत धातूची दांडी लांबतेही. पण रिशेने आकडा 'दुरुस्त' केला नव्हता, जसा आला तसा नोंदवला होता. पुढे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीलाही सेंट हेलेना बेटावर लंबक आखूड करावा लागला. मग न्यूटनने १६८७ मध्ये याचा अर्थ लावला: विषुववृत्तापाशी गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरतं, कारण पृथ्वी फिरते आणि मध्यावर थोडी फुगलेली आहे. तीन मिलिमीटरच्या कटकटीतून पृथ्वीचा आकार कळला.

पुण्या-मुंबईतला असा फरक मात्र तुमच्या दोऱ्या-नटाला दिसणार नाही. त्यामुळे ९.५ आलं तर पृथ्वीला दोष देऊ नका.

निष्कर्ष किती लिहायचा

जेवढं मोजलं तेवढाच. 'दोलकाचा दोलनकाल लांबीवर अवलंबून असतो' हे पुस्तकाचं वाक्य झालं. तुमचं वाक्य असं हवं: '२५ ते १०० सेंमी लांबीच्या, २० अंशांपर्यंत झुलवलेल्या दोलकात दोलनकालाचा वर्ग लांबीच्या प्रमाणात वाढला. एक ते चार नटांमध्ये फरक जाणवला नाही. ६० अंशांना दोलनकाल वाढला.' त्याखाली पहिल्या पानावरचा अंदाज पुन्हा काढा आणि तो टिकला की पडला ते एका ओळीत लिहा. पडला तर गुण कापणारे शिक्षक भेटतील, पण क्वचितच. तोंडी परीक्षेत 'वीसच झोके का मोजले?' याचं उत्तर देणारा विद्यार्थी समोर आला की परीक्षक खूश होतो.

पालकांना एवढंच: मोजायला मदत करा, नट आणून द्या, चिमटा धरा. 'असं येणारच, मला माहीत होतं' हे वाक्य गिळून टाका.

प्रदर्शनाबद्दल थोडं

विज्ञान प्रदर्शनात सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी दरवर्षी फसफसतो. तो देखावा आहे, प्रयोग नव्हे, कारण त्यात प्रश्नच नाही. त्याच साहित्यातून प्रश्न काढता येतो: व्हिनेगर तेवढंच ठेवून सोडा चमच्या-चमच्याने वाढवला तर बाटलीच्या तोंडाला लावलेला फुगा फुगतच जातो, की एका मापानंतर थांबतो? यात मोजण्यासारखं काहीतरी आहे.

सहावी आणि नववीसाठी मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. तिच्यात लेखी परीक्षेच्या पुढे प्रात्यक्षिक आणि कृती संशोधन प्रकल्पही असतो. दोलकावर घासलेला हात तिथे उपयोगी पडतो. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथून पुढे आलेली अरविंद गुप्ता यांची टाकाऊतली खेळणी इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मात्र क्लासवाल्यांची 'स्पर्धेची तयारी' म्हणजे बऱ्याचदा पुन्हा निष्कर्षच पाठ करणं असतं. फी भरण्याआधी तिथे मुलं हाताने काही मोजतात का, ते बघून या.

यानंतर काय

दोलक झाला की पुढचे दोन प्रयोग सुचवेन. पहिला पाच मिनिटांचा: सालीसकट संत्रं पाण्यात सोडा, तरंगेल. सोलून सोडा, बुडेल. वजन तर कमी झालं, मग बुडलं का? वजन-काट्यावर वस्तुमान घ्या, काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवून सांडलेल्या पाण्यावरून आकारमान काढा, आणि घनता दोन्ही वेळा मांडा. तरंगणारं संत्रं बोटाने जेमतेम पाण्याखाली दाबावं लागेल, बोट आत गेलं तर त्याचंही पाणी सांडतं.

दुसऱ्याला मोठं माणूस सोबत हवं. पाणी १०० अंशांना उकळतं असं पुस्तक म्हणतं. समुद्रसपाटीला ते खरं आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, आणि महाबळेश्वरला ९५-९६ ला. ताप मोजायचा थर्मामीटर यात चुकूनही घालू नका, तो ४२ अंशांपुरताच असतो आणि फुटेल. शास्त्रीय साहित्याच्या दुकानातून ११० अंशांपर्यंतचा घ्या. वापरण्याआधी तो ठेचलेल्या वितळत्या बर्फात बुडवा आणि शून्य दाखवतो का बघा. एक अंश दाखवत असेल तर ती त्याची चूक वहीत लिहा, पुढे वजा करावी लागेल. उकळत्या पाण्यात त्याचा फुगा पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा गरम असतो. आणि सुट्टीत मुंबईच्या मामाकडे जाणार असाल तर हाच थर्मामीटर सोबत न्या, तिथे दुसरा घेऊन चालणार नाही.